संहिता आणि चित्रपट : 'नटसम्राट'च्या निमित्ताने

नाटक वाचावयाचे की पाहावयाचे, हा वाद साहित्यविचाराइतकाच जुना आहे. शोकात्मिकेचा परिणाम प्रयोगावाचून आणि नटांवाचूनही साधू शकतो, असे अ‍ॅरिस्टॉटलने म्हटले आणि दृश्यांगाला आपल्या विवेचनात सर्वांत गौण स्थान दिले. आपल्याकडील साहित्यशास्त्राने याच्या नेमके उलट केले. त्याने नाटकाची गणनाच दृश्यकाव्यात केली. १८११ साली चार्ल्स लँब या इंग्रज निबंधकाराने शेक्सपिअरचा लिअर रंगभूमीवर उभा करणे अशक्य आहे, तो वाचकाच्या मनातच उभा राहू शकतो, अशी टोकाची भूमिका घेतली. या सर्व वादात पक्ष दोनच होते : एकीकडे ग्रंथ आणि दुसरीकडे रंगमंच. विसाव्या शतकात चित्रपट हा तिसरा पक्ष आला आणि वादाचे स्वरूप पालटले. आज महाराष्ट्राबाहेर मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर रंगमंच हा पक्ष जवळजवळ गळूनच पडला आहे. दिल्ली, वाराणसी अथवा हैदराबाद येथील विद्यार्थ्याला मराठी नाटकाचा प्रयोग क्वचितच पाहावयास मिळतो. त्याच्या हाती असते ते नाटकाचे पुस्तक किंवा त्या नाटकावरील चित्रपट. आणि या दोहोंत चित्रपट अधिक सुलभ असल्यामुळे पुष्कळदा तो पुस्तकाच्या ऐवजीच पाहिला जातो. हे 'ऐवजी' कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उदाहरण म्हणून वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' घेणे सोयीचे आहे. २३ डिसेंबर १९७० रोजी 'दि गोवा हिंदू असोसिएशन'ने या नाटकाचा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे होते, गणपतराव बेलवलकरांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांची आणि कावेरीची शांता जोग यांची. १९७४ साली या कृतीस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महेश मांजरेकर दिग्दर्शित चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्यात नाना पाटेकर बेलवलकर झाले आणि मेधा मांजरेकर कावेरी. नाटक आणि चित्रपट यांच्यामध्ये पंचेचाळीस वर्षांचे अंतर आहे. तरीही चित्रपटाने नाटकाचे नाव, कथेचा सांगाडा आणि गाजलेली स्वगते कायम ठेवली. त्यामुळे हा चित्रपट म्हणजेच ते नाटक, असा समज होण्यास येथे विशेष वाव आहे. तुलना करावयाची ती अशाच ठिकाणी केली पाहिजे.

१

नाटक वाचताना नेमके काय घडते? भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. छापील संहितेत यांपैकी केवळ वाचिकाची सामग्री असते, आणि तीही अपुरी. कारण शब्द असतात, पण स्वर नसतो. हालचाल, वेषभूषा, डोळ्यांतील पाणी आणि कंठातील कंप हे सर्व वाचकाला स्वतः पुरवावे लागते. रंगसूचना त्याला थोडीफार मदत करतात, एवढेच. म्हणजे नाटकाचा वाचक हा कादंबरीच्या वाचकासारखा केवळ ग्रहण करणारा नसतो; तो काही अंशी नट आणि काही अंशी दिग्दर्शक असतो. प्रत्येक वाक्यापाशी त्याला एक प्रश्न पडतो, निदान पडावयास हवा : हे वाक्य कसे म्हटले गेले असेल? रागाने की थट्टेने? समोरच्या माणसाला उद्देशून की स्वतःशीच?

संहिता हा अशा प्रश्नांचा एक संच आहे, असे म्हणता येईल. प्रयोग त्यांची उत्तरे देतो. परंतु रंगभूमीवरील उत्तर अखेरचे नसते. लागूंच्या नंतर दत्ता भट आणि सतीश दुभाषी यांनी बेलवलकर उभा केला, आणि प्रत्येकाचा बेलवलकर निराळा होता. एकाच नटाचा आजचा प्रयोग कालच्यासारखा नसतो. त्यामुळे रंगभूमीवर उत्तरे मिळत राहतात आणि प्रश्नही खुला राहतो. चित्रपटाची गोष्ट वेगळी आहे. त्यात एकदा दिलेले उत्तर फितीवर कायमचे मुद्रित होते. नाना पाटेकरांनी एखादे वाक्य ज्या स्वरात उच्चारले, त्याच स्वरात ते पन्नास वर्षांनंतरही ऐकू येईल. चित्रपटाचे हे सामर्थ्यही आहे आणि हीच त्याची मर्यादाही आहे.

'नटसम्राट'च्या बाबतीत ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते, कारण या नाटकाचा नायकच नट आहे. बेलवलकर घरात बोलता बोलता आपल्या जुन्या भूमिकांत शिरतो. हॅम्लेट, ऑथेल्लो, सीझर, लिअर यांची भाषा त्याच्या नित्याच्या भाषेत मिसळलेली असते. वाचकाला पदोपदी ठरवावे लागते की या क्षणी हा माणूस दुःख भोगतो आहे की दुःखाची भूमिका करतो आहे. आणि पुष्कळदा असे लक्षात येते की या दोहोंत फरक करणे त्यालाही आता शक्य उरलेले नाही. माझ्या मते नाटकाच्या शोकात्मतेचे मर्म येथेच आहे. मुलांनी छळलेल्या म्हाताऱ्या बापाच्या कथा आपल्या साहित्यात थोड्या नाहीत. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची दुःखे उसनी घेऊन बोलून दाखविली, त्याच्यापाशी स्वतःच्या दुःखासाठी स्वतःची भाषा शिल्लक नसणे, ही या नाटकाची खास वेदना आहे. कागदावर ही संदिग्धता अबाधित राहते. पडद्यावर नटाचा चेहरा प्रचंड मोठा होऊन आपल्यासमोर येतो आणि या अश्रूंना आपण खरे मानायचे की अभिनय, हे तो चेहराच सांगून टाकतो. पार्श्वसंगीत त्या निर्णयावर शिक्कामोर्तब करते. प्रेक्षक हेलावतो, यात शंका नाही; परंतु ज्या ठिकाणी त्याने घोटाळावे असे नाटककाराला वाटत होते, तेथून तो पुढे नेला जातो.

२

दुसरा मुद्दा श्रोत्यांचा. नाटकाचा आरंभ बेलवलकरांच्या सत्काराने होतो. निवृत्त होणारा नट आपल्या चाहत्यांशी बोलतो आहे, आणि ते चाहते म्हणजे नाट्यगृहात तिकीट काढून बसलेले आपणच. शिरवाडकरांची ही योजना साधी दिसते, पण ती फार दूरवर परिणाम करते. पहिल्याच प्रवेशात ज्यांनी टाळ्या वाजविल्या, तेच प्रेक्षक पुढे त्या नटाची वाताहत पाहतात, आणि आपण त्याचे काही देणे लागतो ही टोचणी त्यांना लागून राहते. वाचकालाही आपण त्या सभेत बसलो आहोत अशी कल्पना करता येते, कारण भाषण थेट त्यालाच उद्देशून असते. चित्रपटातही सत्कारसमारंभ आहे. परंतु तेथील श्रोते पडद्यावरचे श्रोते आहेत. आपण त्यांना टाळ्या वाजविताना पाहतो. टाळी वाजविण्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. प्रेक्षक समारंभाचा साक्षीदार होतो, सहभागी होत नाही. यात दिग्दर्शकाचा दोष नाही, हा माध्यमाचा स्वभावच आहे. मात्र हा बदल झाला आहे, एवढे तरी आपल्या ध्यानात यावयास हवे; आणि संहिता वाचल्यावाचून ते ध्यानात येण्याचा मार्ग नाही.

याहून महत्त्वाचा बदल रामभाऊंचा आहे. विक्रम गोखले यांनी साकारलेला रामभाऊ हा बेलवलकरांचा जुना नटमित्र. हे पात्र शिरवाडकरांच्या नाटकात नाही. ते चित्रपटाने नव्याने निर्माण केले. दोन म्हातारे नट परस्परांच्या अभिनयाची यथेच्छ थट्टा करतात, आणि रामभाऊंच्या अखेरच्या आजारात त्या दोघांत कर्ण आणि कृष्ण यांचा प्रसंग घडतो. दोन समर्थ नटांची ही जुगलबंदी चित्रपटातील सर्वांत प्रभावी भागांपैकी एक आहे, हे कोणीही मान्य करील. पटकथेच्या दृष्टीने तिची गरजही समजू शकते. चित्रपटाला लांब स्वगते पेलत नाहीत; एकटाच बोलणारा माणूस पडद्यावर कृत्रिम वाटतो; त्याला ऐकणारा कोणीतरी द्यावा लागतो.

परंतु हा श्रोता मिळताच मूळ रचनेतील एक आधारशिला हलते. नाटकातील बेलवलकराला बरोबरीचा कोणी नाही. कावेरी आहे, तिला तो लाडाने 'सरकार' म्हणतो. ती त्याला जाणते, सांभाळते. पण ती त्याच्या कलेची भागीदार नव्हे. नात ठमी आहे. ती लहान आहे. पुढे राजा हा बूटपॉलिशवाला मुलगा आहे. तो प्रेमळ आहे, पण ज्या जगाबद्दल हा म्हातारा बोलतो ते जग त्याने पाहिलेले नाही. कलावंत म्हणून आपल्याला समजून घेईल असा एकही माणूस भोवती नसल्यामुळेच बेलवलकर स्वगत बोलतो. शिरवाडकरांच्या नाटकात स्वगत हा केवळ जुना नाट्यसंकेत नाही. ते नायकाच्या एकाकीपणाचे दृश्य रूप आहे. रामभाऊ आला की स्वगताचे संभाषण होते आणि एकाकीपणाला सोबत मिळते. चित्रपटातील बेलवलकर मित्र गमावून एकटा होतो. नाटकातील बेलवलकर पहिल्यापासूनच एकटा आहे. या दोन वेगळ्या शोकात्मिका आहेत. दुसरी पहिलीपेक्षा श्रेष्ठ की कनिष्ठ, हा येथे प्रश्न नाही. त्या दोन आहेत, हे मात्र विसरता येत नाही.

३

येथवरच्या विवेचनावरून चित्रपटाने केवळ हानीच केली, असा ग्रह होऊ नये. वाचनाचेही काही दोष आहेत, आणि ते चित्रपटामुळे उघडे पडतात. त्यातला सर्वांत मोठा दोष असा की, वाचताना आपण न बोलणाऱ्या पात्राला विसरतो. संहितेत ज्याच्या नावापुढे वाक्य असते तेवढाच मनुष्य आपल्याला दिसतो. इतर जणू रंगमंचावर नसतातच. बेलवलकर एकामागून एक भाषणे करीत असता कावेरी तेथे बसलेली आहे, तिने ही भाषणे पूर्वी कितीदा ऐकलेली आहेत, आणि या घरातील प्रत्येक अपमान तिने त्याच्याहून आधी ओळखलेला आहे, हे साधारण वाचकाच्या मनातून पुष्कळदा निसटते. चित्रपटात कॅमेरा बोलणाऱ्यावरून ऐकणाऱ्यावर जातो. मेधा मांजरेकरांची कावेरी काही न बोलता पुष्कळ सांगते. सून, मुलगी, जावई यांच्या चेहऱ्यांवरील संकोच आणि वैताग दिसला की त्यांना खलपात्रे ठरविणेही कठीण होते. मुलगी नलू बापावर प्रेम करीत नाही असे नाही. तिच्या संसाराच्या मापात हा अघळपघळ माणूस बसत नाही, एवढेच. ही समज संहितेतही आहे. पण बेलवलकरांच्या वाणीच्या प्रपातात ती वाहून जाते आणि वाचक आंधळेपणाने नायकाचा पक्ष घेतो. या ठिकाणी चित्रपट हे वाचनाचे उत्तम टीकाशास्त्र ठरते.

दुसरा लाभ अमराठी विद्यार्थ्याचा. ज्याच्या कानावर मराठी क्वचितच पडते, त्याला भाषेची लय, आघात, विराम हे पुस्तकातून कळणे अवघड असते. चित्रपट त्याला भाषा ऐकवितो. हा लाभ लहान नाही. तथापि येथेही एक इशारा द्यावासा वाटतो. गणपतराव हे नाव वाचताच जाणत्या मराठी वाचकाला गणपतराव जोशी आठवतात. आगरकरांच्या 'विकारविलसित'मधला त्यांचा हॅम्लेट, देवलांचा 'झुंझारराव', आणि शिरवाडकरांनी स्वतः 'मॅक्बेथ'वरून केलेला 'राजमुकुट', ही सारी परंपरा बेलवलकरांच्या बोलण्यामागे उभी असते. शेक्सपिअर मराठीत कसा रुजला, याचा जवळजवळ शतकाचा इतिहास या एका म्हाताऱ्याच्या जिभेवर आहे. चित्रपटातून आवाज मिळतो, पण या आवाजाचे कूळ मिळत नाही. ते संहितेच्या सटीप अध्यापनातूनच मिळू शकते.

४

येथे 'किंग लिअर'च्या चित्रपटांशी तुलना उद्बोधक ठरेल. कारण 'नटसम्राट'चे त्या नाटकाशी असलेले नाते सर्वविदित आहे. लिअरमधील वादळ शेक्सपिअरच्या रंगमंचावर दिवसाउजेडी, मुख्यतः शब्दांनी उभे करावे लागे. म्हणून तेथील भाषा एवढी प्रचंड झाली आहे. चित्रपटात खरा वारा आणि खरा पाऊस दाखविता येतो, आणि मग त्या शब्दांचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहतो. कोझिन्त्सेव्ह या सोव्हिएत दिग्दर्शकाने १९७१ च्या चित्रपटात पास्टरनाकचा रशियन अनुवाद आणि शोस्ताकोविचचे संगीत घेऊन एक उत्तर दिले. कुरोसावाने १९८५ साली 'रान' या जपानी चित्रपटात अगदी निराळे उत्तर दिले. मुलींच्या जागी त्याने मुलगे आणले आणि शेक्सपिअरचे शब्द पूर्णपणे सोडून दिले. गढीवरील हल्ल्याच्या दीर्घ दृश्यात युद्धाचा आवाज बंद होतो, केवळ ताकेमित्सुचे संगीत उरते. आणि जळत्या गढीतून भ्रमिष्ट झालेला वृद्ध सरदार एक शब्दही न बोलता पायऱ्या उतरून येतो. लिअरच्या वाणीची जागा येथे एका मूक आकृतीने घेतली आहे.

'रान' पाहून मी 'लिअर' वाचले असे कोणी म्हणणार नाही. तो चित्रपट नाटकापासून इतका दूर गेला आहे की गैरसमजाला जागाच उरत नाही. मांजरेकरांच्या 'नटसम्राट'ची स्थिती मधली आहे. त्याने शिरवाडकरांचे शब्द पूर्ण सोडले नाहीत. सोडणे शक्यही नव्हते, कारण प्रेक्षक तीच स्वगते ऐकण्यासाठी आलेला होता. परंतु जे शब्द ठेवले त्यांच्या भोवतीची रचना बदलली. म्हणून हा चित्रपट नाटकासारखा दिसतो आणि नाटक नसतो. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याची फसगत संपूर्ण रूपांतरापेक्षा अशा निकटच्या रूपांतराने अधिक होते.

५

हा प्रश्न केवळ एखाद्या वर्गापुरता असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण २०१६ नंतर त्याची व्याप्ती वाढली आहे. २०१८ साली या चित्रपटावरून गुजराती 'नटसम्राट' निघाला; सिद्धार्थ रांदेरिया यांनी त्यात नायकाची भूमिका केली आणि मित्राची मनोज जोशी यांनी. २०२३ साली कृष्ण वंशी यांचा तेलुगू 'रंगमार्तांड' आला; तेथे प्रकाश राज नायक झाले आणि मित्राच्या भूमिकेत ब्रह्मानंदम होते. एका मराठी कृतीने भाषांच्या सीमा ओलांडाव्यात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु सीमा ओलांडून गेले ते काय? शिरवाडकरांच्या संहितेत जो मित्र नाही, तो अहमदाबादेत आणि हैदराबादेत जाऊन पोहोचला. तेलुगू प्रेक्षकाच्या मनात हे नाटक म्हणजे दोन वृद्ध नटांच्या मैत्रीची कथा म्हणून नोंदले गेले असेल, तर त्यात त्याचा काही दोष नाही. त्याच्यापर्यंत मूळ संहिता कोणी पोहोचवलीच नाही.

भारतीय भाषांतील देवाणघेवाण पूर्वी मुख्यतः अनुवादकांमार्फत होत असे. अनुवादक मूळ पुस्तक समोर ठेवून बसे. चुकला तरी मूळ शब्दाशी झगडून चुकत असे. आता चित्रपटाचा चित्रपट होतो आणि मूळ ग्रंथ एक पायरी मागे पडतो. विविध भारतीय भाषांचे अध्ययन एका छत्राखाली चालविणाऱ्या विद्यापीठांनी या बदलाची दखल घ्यावयास हवी. तेलुगू विभागातील विद्यार्थी 'रंगमार्तांड'वर प्रबंध लिहावयास बसला, तर त्याची तुलना २०१६ च्या मराठी चित्रपटाशी करून तो थांबेल की १९७० च्या नाटकापर्यंत जाईल, हे बव्हंशी त्याला मराठी विभागातून काय मिळते यावर अवलंबून राहील.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. चित्रपट अभ्यासक्रमातून वगळू नये. त्याला संहितेची सचित्र आवृत्ती मात्र समजू नये. आणि क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम संहिता वाचावी, आणि ती मोठ्याने वाचावी. बेलवलकरांचे एखादे स्वगत वर्गातील दोघा विद्यार्थ्यांनी दोन भिन्न प्रकारांनी म्हणून दाखवावे : एकाने तो दुःखाने बोलतो आहे असे समजून, दुसऱ्याने तो भूमिका करतो आहे असे समजून. उच्चार अमराठी वळणाचा असला तरी काही बिघडत नाही. या वेळी कावेरी कोठे बसली आहे, ती काय करीत आहे, हेही वर्गाने ठरवावे. मग चित्रपट पाहावा. आता विद्यार्थ्याला दिसेल की आपण ज्या ठिकाणी दोन उत्तरे दिली होती तेथे नाना पाटेकरांनी एक निवडले आहे. ज्या ठिकाणी आपण कावेरीला विसरलो होतो तेथे कॅमेऱ्याने तिला लक्षात ठेवले आहे. आणि ज्या ठिकाणी नाटककाराने नायकाला एकटे सोडले होते तेथे पटकथेने त्याला सोबती दिला आहे. तो या निवडींशी सहमत होईल किंवा भांडेल. दोन्ही चालेल. ज्याने चित्रपट प्रथम पाहिला त्याला मात्र भांडता येत नाही, कारण प्रश्न पडण्यापूर्वीच त्याला उत्तर मिळालेले असते. आणि पुढे पुस्तक उघडले तरी प्रत्येक वाक्य त्याला त्याच एका आवाजात ऐकू येते.

रंगभूमीपासून दूर असलेल्या वाचकाला प्रयोग मिळत नाही, हे त्याचे दुर्दैव खरे. पण त्याच्या हाती संहिता आहे आणि तिचा प्रयोग स्वतःच्या मनात करण्याचा अधिकारही आहे. चित्रपटाच्या सोयीपायी त्याने तो अधिकार सोडून देऊ नये, आणि आपण अध्यापकांनी त्याला तो सोडू देऊ नये.